माझा बंद सेट

होळी होऊन गेली की माझ्या कानांत खरखर सुरू होते. कानाच्या डॉक्टरला सांगितलं, तर तो म्हणाला, "आजोबा, वय झालं." वय झालंय हे मला तो सांगणार! पण ही खरखर वयाची नाही, चैत्राची आहे. ज्याने कधीकाळी हेडफोन लावून शॉर्टवेव्हला रोज कान दिला, त्याला ऋतू खिडकीतून बघावा लागत नाही. पौष-माघात हवा निवळलेली असते, बारीकसा आवाजही स्वच्छ येतो. फाल्गुन सरला की घाटापलीकडे कुठेतरी ढग गडगडायला लागतात. आपल्याला त्यांचा पत्ता नसतो, पण रेडिओला असतो, आणि कानात कुणीतरी पापड मोडत बसल्यासारखं होतं. मग मी उगाचच घड्याळाकडे बघतो. साडेपाच वाजायचे असतात.

एकाच वर्षाचा चैत्र असा दरवर्षी परत येतो. साठीच्या दशकातला. पनवेलला तेव्हा रेल्वे यायची होती. मी मामलेदार कचेरीत कारकून, वय तेवीस, लग्न व्हायचं, आणि डोक्यात हवा भरपूर. खाडीकडे मिठागरांतून पांढरे ढीग लागलेले असायचे, दुपारी त्यांच्याकडे बघवत नसे. वारा फिरला की गावभर खारट चिखलाचा वास यायचा. आता मिठागरं बुजली, तिथे इमारती झाल्या, आणि त्यांतल्याच एकीच्या तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. तक्रार नाही. लिफ्ट आहे.

रूबेनमास्तर इस्रायल आळीत राहायचे. आमच्या कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. नाव रूबेन, बोलणं तुमच्याआमच्यासारखं मराठी, आणि शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारच्या दिवेलागणीपर्यंत कुठल्याही कामाला हात लावायचा नाही, हा नेम. जन्मभर तारखात्यात तारा पाठवून निवृत्त झालेले, म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणे. माणूस निवृत्त झाला की ज्या कामात जन्म गेला त्याचं तोंड बघत नाही. यांनी निवृत्तीनंतर हौशी वायरलेसचा सरकारी परवाना काढला. चोरबाजारातून लढाईतल्या सेटांचे सुटे भाग पिशव्या भरभरून आणले आणि घरातच स्वतःचं स्टेशन उभं केलं. "चाळीस वर्षं लोकांच्या तारा पाठवल्या रे," म्हणायचे, "कोण मेलं, कोण जन्मलं, कुणाची बदली झाली. आता माझ्या मनातलं पाठवतो."

मी त्यांच्याकडे गेलो ते मामाचा बिघडलेला रेडिओ घेऊन, आणि तिथलाच झालो.

अंगणातल्या चिंचेपासून शेजारच्या माडापर्यंत त्यांची तांब्याची तार ताणलेली होती. ती चढवायला आणि जमिनीत तांब्याचा पत्रा पुरायला मिठागरावरचा धर्मा यायचा. धर्मा खड्डा खणताना वर बघून म्हणाला होता, "मास्तर, ही तार कशाला हाय? हिच्याव कपरे वाळत नाय घालाचे?" मास्तर म्हणाले, "धर्मा, हिच्यावर शब्द वाळत घालायचे." धर्माने माझ्याकडे बघून मान हलवली. म्हातारा कामातून गेला, असा त्या मान हलवण्याचा अर्थ. पण पत्रा पुरून झाल्यावर मास्तरांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि खूश झाले. खारट ओली जमीन वायरलेसला फार मानवते. "मुंबईतल्या बंगलेवाल्यांना असली जमीन मिळायची नाही," म्हणाले.

शिकवणी संध्याकाळी. मास्तर टेबलावर मोर्सची, म्हणजे तार पाठवायची किल्ली ठोकायचे, मी कान देऊन अक्षरं लिहून घ्यायची. डा-डिड-डा. मिनिटाला पाच शब्द आले की परीक्षेला बसता येई, आणि मला पाच महिन्यांत तीनसुद्धा येत नव्हते. मास्तर स्वतः मिनिटाला पंचवीस शब्द हसत हसत पाठवायचे. पंचवीसचा माणूस माझ्यासाठी तीनवर उतरून वर्षभर बसला. एकदा मीच चिडलो आणि म्हणालो, "मास्तर, कंटाळा नाही येत तुम्हाला?" ते म्हणाले, "वसंता, आपल्यात एकच शिस्त आहे. समोरचा ज्या चालीने पाठवतो, त्याच चालीने त्याला उत्तर द्यायचं. आपला वेग आपल्यापाशी." मी ते वहीत लिहून घेतलं. वहीत लिहिण्यात मी पटाईत.

फ्लोराकाकू, म्हणजे मास्तरांची बायको, तिथेच तांदूळ निवडत बसायच्या. मास्तरांनी त्यांच्यासाठी एक युक्ती केली होती. हेडफोन पितळेच्या मोठ्या वाटीत ठेवायचा, मग आवाज खोलीभर ऐकू येतो. काकूंना मोर्स येत नव्हतं. पण वाटीतून आवाज आला की त्या सांगायच्या, "हा तुमचा मद्रासवाला. आणि हा कालचा, तो घाई करणारा." कारण किल्लीवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. ओळखीचा हात कुणालाही कळतो.

आणखी एक गोष्ट मास्तरांनी शिकवली होती. ती इथेच सांगून टाकतो, कारण पुढे माझं नाक तिनेच कापलं. आमचे रिसीव्हर घरी बांधलेले, एकदोन व्हॉल्व्हचे, म्हणजे आतून पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांचे. मोर्स ऐकायचं तर असला रिसीव्हर चढवत चढवत अशा टोकाला न्यावा लागतो, की तो स्वतःच एक बारीकशी लहर बाहेर सोडायला लागतो. जवळपास दुसरा कुणी डायलच्या त्याच जागी कान लावून बसला असेल, तर त्याला शिट्टी ऐकू येते. "लक्षात ठेव," मास्तर म्हणाले होते, "हा सेट चोरून ऐकू देत नाही. तू नुसता ऐकत बसलास तरी शेजाऱ्याला कळतं, कुणीतरी आहे." मुंबईला परीक्षेत मला नेमका हाच प्रश्न आला. मी दीड पान लिहिलं, आकृतीसुद्धा काढली.

पास झालो. परवाना आला, स्टेशनचं स्वतःचं नाव मिळालं. माझ्या घरी आईने देवापुढे साखर ठेवली. पण मास्तरांनी काय केलं? मलिदा केला! नवस फेडायचा, आनंद व्हायचा, तर त्यांच्यात मलिदा करतात. ताटभर गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि एलियाहू पैगंबराच्या नावाने प्रार्थना. आळीतली पंधरा माणसं बोलावली होती. एकाने विचारलं, "कसला मलिदा, मास्तर?" मास्तर म्हणाले, "माझा मुलगा पास झाला." त्यांचा खरा मुलगा तेव्हा दोन वर्षांपूर्वीच इस्रायलला गेलेला होता.

हे सगळं आठवलं की गोड वाटायला हवं ना? मला नाही वाटत. मला लाज वाटते, आणि ती पोह्यांच्या चवीसकट वाटते.

त्या हिवाळ्यात मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप बशीवर वाजायचा, मग सही बिघडली, मग किल्ली. पंचवीसवरून दहा, दहावरून सहा. एका ठिपक्याचे दोन व्हायचे, रेघ मध्येच तुटायची. तेवढ्यात मुलाचं पत्र आलं, आता दोघे इकडेच या. आळीतली निम्मी घरं तोवर गेलेलीच होती. वैशाखातल्या बोटीची तिकिटं निघाली. जायच्या आधी सेट उतरवून परवाना परत करायचा होता, आणि तिकडे गेल्यावर त्या हाताला कुणी नवा परवाना देणार नव्हतं. हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं.

"वसंता, एक मागतो," मास्तर म्हणाले. "जाईपर्यंत शनिवार सोडून रोज साडेपाचला हवेवर ये. पाच मिनिटं. इथे समोर बसून बोलतो ते निराळं. तुझ्याशी हवेवर बोलून ही किल्ली बंद करायची आहे मला."

"त्यात काय मास्तर, येईन की!" मी म्हणालो.

आणि पंधरा-वीस दिवस गेलोही. कचेरी पाचला सुटायची, मी धावत घरी यायचो. आमची घरं अर्ध्या मैलावर, तरी मास्तर रीतसर माझ्या स्टेशनचं नाव घेऊन हाक मारायचे. मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत, सहाच्या चालीने. कैरी बाजारात आली. धर्माच्या मुलीचं लग्न ठरलं. फ्लोरा म्हणते बिरडं केलंय, येऊन जा. शेवटी त्र्याहत्तर, म्हणजे तारवाल्यांचा रामराम. मी पण सहावर उतरून उत्तर द्यायचो. खरं सांगतो, त्या दिवसांतही मला कंटाळा यायचा. मी तोवर अठरावर गेलो होतो ना!

मग तो रविवार. दादरला करंदीकर नावाचे एक इंजिनिअर होते, आमच्यातलेच हौशी. त्यांच्या घरी महिन्याला मुंबईचे सात-आठ जण जमायचे. सगळे इस्त्रीचे कपडे, विलायती सेट, आणि बोलणं वेगाचं. मला पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. मी बसने ठाण्याचा वळसा घालून, बूट रुमालाने पुसत पोचलो. चहा झाला आणि करंदीकर म्हणाले, "अरे, ते संध्याकाळी कोण येतं हो हल्ली? नावही लागत नाही, दोन अक्षरं ऐकून मी पुढे सरकतो. कोंबडी दाणे टिपतेय असा हात!" आणि त्यांनी चमच्याने बशीवर नक्कल केली. एका ठिपक्याचे दोन, मध्येच तुटलेली रेघ. हुबेहूब. सगळे खो खो हसले. मग ते माझ्याकडे वळले. "तुमच्याच बाजूचा दिसतोय. ओळखता का?"

माझ्या तोंडून निघालं, "असेल कुणी म्हातारा. माझी काही ओळख नाही."

आणि मी हसलो. नुसतं गप्प बसता आलं असतं. पण मी हसलो, आणि करंदीकरांनी चमचा ठेवल्यावर "तो मधला तुटका डा फारच छान जमला तुम्हाला" असंही म्हणालो. साठ वर्षं होत आली, अजून ते वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी खाकरतो.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मास्तरांनी हाक मारली. माझा हात किल्लीवर होता. पण त्या थट्टेनंतर दादरवाले आता कान लावून असणार, उत्तर दिलं तर माझा हात ओळखणार. ओळख नाही म्हणालेला माणूस त्याच हाताशी बिरड्याच्या गप्पा मारतोय, हे सात-आठ जणांना कळणार. मी हात काढून घेतला. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. उद्या बघू. असं म्हणून माणूस जे काही करतो ते उद्याही करतो.

चौथ्या दिवशी मास्तर मला तळ्याच्या कडेला भेटले. हातात भाजीची पिशवी. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "बरं नाही का रे?"

"नाही मास्तर, सेटच बंद आहे. रिसीव्हरचा व्हॉल्व्ह गेला. ऐकूच येत नाही काही."

"अरेरे," ते म्हणाले. पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती आणि हाताच्या थरथरीने सारखी हलत होती. मी त्या कोथिंबिरीकडे बघत राहिलो. पुढच्या रविवारी ते उन्हातून आमच्या घरी आले, आत बसलेसुद्धा नाहीत. दारातच एक पुठ्ठ्याचं खोकं माझ्या हातात दिलं. आत लढाईच्या वेळचा, न वापरलेला व्हॉल्व्ह होता. "एकच होता जपून ठेवलेला. बसवून बघ, चालेल." आई म्हणाली, मास्तर, सरबत तरी घ्या. ते म्हणाले, साडेपाच व्हायला आलेत.

आता तुम्ही म्हणाल, त्या दिवशी तरी द्यायचं होतंस उत्तर. मलाही तसंच वाटतं. पण तेव्हा वाटलं, लगेच आज चालू झाला म्हटलं तर संशय येईल. काय अक्कल! खोक्यावरची चिकटपट्टीही न काढता मी ते खणात टाकलं.

पण पहिल्या दिवसापासूनच ऐकल्याशिवाय राहवत नव्हतं. रोज पाच पंचविसाला मी खोलीचं दार लावून घ्यायचो, हेडफोन चढवायचो आणि मास्तरांच्या जागी सेट आणून बसायचो. चैत्राची खरखर दिवसेंदिवस वाढत होती, तिच्यातून तो तुटका हात यायचा. माझ्या नावाची हाक. मग बातम्या. कैऱ्या संपल्या, आंबे आले. सिनेगॉगसमोरचं घर विकलं. आज हात बरा आहे. आज नाही. त्र्याहत्तर. मग ते किल्ली सोडून दोन मिनिटं थांबायचे, उत्तरासाठी. ती दोन मिनिटं मला पुरेपूर ऐकू यायची. मला तेव्हा त्यांची कीव यायची, हे सांगायलाच हवं. बंद सेटला रोज हाक मारणारा माणूस, असं मी मनात म्हणायचो. सेट बंद आहे म्हणून मास्तर माझ्या हातात व्हॉल्व्ह देऊन गेले होते, मग बातम्या कुणासाठी चालल्या होत्या, हा प्रश्न मला पडला नाही. दीड पान लिहून पास झालेल्या मला!

आणि शनिवारी? शनिवारी दुपारी मी मुंबईवाल्यांशी अठराच्या चालीने मनसोक्त बोलायचो. मास्तर शनिवारी सेटला हात लावत नाहीत, त्यामुळे माझा आवाज त्यांच्या कानावर जायची भीती नव्हती. त्या माणसाच्या देवाचा दिवस मी लपायला वापरला. करंदीकर म्हणायचे, तुमचा हात झकास आहे हो. मी आभार मानायचो.

मास्तरांचं तिकडून एक पत्र आलं होतं. मराठीत, पहिलीतल्या मुलाने काढावी तशी अक्षरं. इथे हवा कोरडी आहे, जमीन वाळूची, अर्थिंगला बेकार. फ्लोराला बिरड्याचे वाल मिळत नाहीत. खाली त्र्याहत्तर. मी दोन पानी उत्तर लिहिलं. गावाची खबर, पावसाची खबर, माझ्या लग्नाची खबर, सगळं लिहिलं. एकच गोष्ट लिहायची होती ती सोडून. पुढच्या वर्षी आळीतल्या कुणीतरी सांगितलं, मास्तर गेले.

पण ते नंतरचं. जायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मी निरोपाला गेलो. मुद्दाम अशा वेळी, की मास्तर नातेवाइकांच्या कबरींवर गेलेले असतील, काकूंच्या हातात आईने दिलेला लाडवांचा डबा ठेवून सुटता येईल. तर मास्तर ओसरीतच, बांधलेल्या पेटीवर बसलेले. टेबल रिकामं होतं. अंगणात धर्मा तांब्याची तार कोपरावर गुंडाळत होता. "मास्तर, तार काडली," तो म्हणाला. "आता नेऊ का घरी, कपरे वाळत घालाला?"

"ने बाबा," मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काय रे, बसला का व्हॉल्व्ह?"

त्यांच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. एखाद्याची तब्येत विचारावी तसं विचारलं. खरं बोलायला एवढी चांगली जागा मला पुन्हा कधी मिळाली नाही.

"बसला, मास्तर," मी म्हणालो. "परवाच बसवला. झाला चालू."

"छान झालं," ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत धरला तरी थरथर थांबली नाही. आतून कुणी हाक मारली म्हणून ते उठून गेले.

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिथे म्हणाल्या, "वसंता, एक सांगू? ह्यांनी बोलू नको म्हटलंय, पण मी काय, उद्या जाणार. वाटीतून तुझी शिट्टी यायची रे रोज."

फाटकाची कडी काढायला गेलेला हात मी मागे घेतला.

"साडेपाचच्या आधी पाच मिनिटं. शिट्टी आली की हे म्हणायचे, आला बघ फ्लोरा, बसलाय. मग पाठवायला घ्यायचे. शिट्टी येईपर्यंत किल्लीला हात नाही लावायचे."

"काकू," मी म्हणालो, "मग तो व्हॉल्व्ह..."

"मी पण तेच म्हटलं! म्हटलं, अहो, त्याचा सेट धडधडीत चालू आहे, आणि तुम्ही जपून ठेवलेला व्हॉल्व्ह कुठे नेऊन देताय उन्हातान्हाचा? तर म्हणाले, पोरगा खोटं बोलून बसलाय. आता परत यायचं तर काय तोंडाने येईल? व्हॉल्व्ह असला म्हणजे त्याला सांगता येईल, बसवला, झाला चालू."

काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्या आत गेल्या. धर्मा तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून माझ्या बाजूने निघून गेला.

ते वाक्य मास्तरांनी माझ्यासाठी महिनाभर तयार ठेवलं होतं. मी ते म्हणालोही, अगदी शब्दाला शब्द, त्यांची तार उतरल्यावर. खोकं अजून माझ्याकडे आहे. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, पण सुटलेली नाही.